परसदारचे धनको

‘कृतज्ञता’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की विद्यार्थ्यांच्या वह्यांत मातापिता, गुरुजन, देश आणि परमेश्वर अशी ठरावीक नामावळी उतरते. नामावळी खरीच आहे; परंतु तीत घराचे परसदार कधीच नसते, हे आम्हांस खटकते. पौषातील सकाळी सिकंदराबादेत मागील दार उघडावे, म्हणजे आपले किती धनको तेथे हजर आहेत ते दिसेल.

नळापाशी ओलसर जागेत शेपटी खालीवर हालवीत धोबी पक्षी किडे टिपीत असतो. जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा हा पाहुणा हिमालयातून आणि त्याच्याही उत्तरेकडील प्रदेशांतून दर हिवाळ्यात इकडे येतो. शिंजीर फुलांतील मध पितात व जाता जाता पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतात. पेरूखालचा पाचोळा सातभाईंची टोळी कलकलाट करीत उलथून टाकते. त्यात दडलेले किडे हेच त्यांचे भोजन. आणि खार! आम्ही घरी कोकणी बोलतो, तीत हिला ‘चानी’ म्हणतात. शेजारच्या तेलुगू कुटुंबात ती ‘उडुता’. गंमत अशी, की रामसेतूच्या कथेतील तिची चिमूटभर वाळू दोन्हीकडील माणसांनी जपली आहे. मराठीत तो ‘खारीचा वाटा’, तेलुगूत ‘उडुता भक्ती’. मात्र त्या खारीसाठी आपण काय वाटा ठेवला, हे विचारणारी म्हण आम्हांस अद्याप कोणत्याच भाषेत आढळली नाही.

यावर कोणी म्हणेल, आम्ही रोज दाणे टाकतो की! गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहेच, आणि दाणे टाकणाऱ्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु अंकगणितात शिकविल्याप्रमाणे ऋण फेडावयाचे ते धनकोस उपयोगी पडेल अशा नाण्यात. चिमणी स्वतः धान्य खाते, पण पिलांना प्रामुख्याने अळ्या व किडे भरविते. झुडपे नाहीत तेथे अळ्या नाहीत. मग नुसत्या तांदळाचा तिच्या पिलांस काय उपयोग? दाण्यांवर पोसली जातात ती मुख्यत्वे कबुतरे. त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे विकार जडतात असे डॉक्टर सांगत असताही, २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद झाला तेव्हा मुंबईत केवढा वाद पेटला!

आमच्या माहितीतील एका इमारतीच्या सभेत, पाचोळ्याचा त्रास होतो म्हणून आवारातील कडुनिंब तोडावा, असा ठराव आला. ठराव मांडणारे गृहस्थ रोज सकाळी गच्चीवर पक्ष्यांस तांदूळ टाकणारे होते. मारेडपल्लीसारख्या भागांत जुने बंगले जाऊन सदनिका उभ्या राहिल्या, मातीवर फरशी आली. राहण्यास घरे हवीत, त्यास इलाज नाही. पण उरलेसुरले झाड पानांच्या केरापायी तोडणे आणि वर दाण्यांचे पुण्य जोडणे, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. आमच्या मते आवाराचा एक कोपरा न झाडता ठेवणे, तेथे दोन देशी झुडपे वाढू देणे आणि मातीच्या उथळ परळातील पाणी रोज बदलणे, ही दाण्यांहून मोठी फेड होय.

त्यासाठी धनकोंची नावे प्रथम ठाऊक हवीत. डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता. पत्नी तेहमिना यांच्यासह ते रानोमाळ हिंडले. विद्यार्थ्यांस तेवढे हिंडण्याचे कारण नाही. परसातील पक्षी मोजण्याचा एक उपक्रम १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला व २०१३ पासून भारतातही होतो. फेब्रुवारीतील चार दिवसांत कोणीही किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करून दिसलेले पक्षी नोंदवावेत, एवढाच त्याचा नियम. परस नसेल तर गच्ची चालते, गच्ची नसेल तर खिडकी. वही आणि पेन्सिल मात्र आदल्या रात्रीच उशाशी ठेवावी, कारण पक्षी आपल्या आधी उठतात.