वाचता येणारे गाढव

पशुपक्ष्यांच्या मुखी माणसांची वाणी घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पंचतंत्रातील दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंहाच्या कानी लागतो आणि संजीवक या निरपराध बैलाचा घात घडवून आणतो. ती कथा राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितलेली आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची ‘ॲनिमल फार्म’ ही कथा मात्र ज्यांच्यावर राज्य केले जाते, त्यांच्यासाठी आहे.

ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारी येथे झाला. पुढे इंग्लंडात एकदा त्याने दहाएक वर्षांच्या मुलाला भल्या थोरल्या घोड्यास चाबकाने हाकताना पाहिले. या जनावराला आपल्या बळाची जाणीव झाली तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यातूनच ही कथा जन्मली. तीत जनावरे जुलमी मालकाला हाकलून देतात, सर्व समान असे ठरवितात आणि कोठाराच्या भिंतीवर सात नियम लिहितात. पुढे नेपोलियन नावाचे डुक्कर सत्ता बळकावते. रशियातील १९१७ सालची राज्यक्रांती व तिच्यामागून आलेली स्टालिनची हुकूमशाही यांचे हे चित्र होय.

लेखकाने भीतीपोटी प्राण्यांचा बुरखा पांघरला, असे काही जण म्हणतात. हे म्हणणे पटण्याजोगे नाही. दुसऱ्या महायुद्धात रशिया ब्रिटनचा मित्र होता; बुरख्याआड कोण आहे हे ओळखूनच काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. प्राणी योजल्याचा लाभ निराळाच आहे. स्टालिनचे नाव निघताच वाचक आधीच ठरविलेल्या पक्षाला जाऊन मिळतो. पण पवनचक्कीसाठी दगड ओढता ओढता बॉक्सर नावाचा घोडा कोसळतो, तेव्हा कोणत्याही पक्षाचा वाचक हळहळतो.

नेपोलियनचा राग सर्वांनाच येतो. त्यात विशेष काही नाही. सर्वांत तिखट फटकारा बसला आहे तो बेंजामिन या गाढवाला. बहुतेक जनावरांना धड वाचता येत नाही. त्यामुळे भिंतीवरील नियमांत गुपचूप शब्द वाढविले जातात. पलंगावर निजू नये या नियमात चादरी अंथरून एवढी भर पडते आणि डुकरे खुशाल पलंगावर लोळतात. बेंजामिनला डुकरांइतकेच उत्तम वाचता येते. परंतु क्लोव्हर घोडीने विनविले तरी तो नियम वाचून दाखवीत नाही. असल्या भानगडीत पडू नये, हे त्याचे धोरण. कित्येकांना ते शहाणपण वाटते. वस्तुतः जाणत्याचे हे मौन डुकरांच्याच पथ्यावर पडते.

आजारी बॉक्सरला दवाखान्यात न्यावयाचे म्हणून एके दिवशी गाडी येते. जनावरे निरोप देत उभी असतात. तेव्हा कोठे बेंजामिन गाडीवरची अक्षरे मोठ्याने वाचतो. ती घोडे कापणाऱ्या खाटकाची गाडी असते! बॉक्सर आतून लाथा झाडतो. पण पूर्वीचे बळ आता उरलेले नसते.

काही दिवसांनी डुकरे सांगतात की, बॉक्सर दवाखान्यातच वारला; गाडी पूर्वी खाटकाची होती, गुरांच्या डॉक्टराने जुने नाव पुसले नव्हते, इतकेच. जनावरांना हायसे वाटते. त्याच सुमारास डुकरांच्या हाती कोठून तरी पैसे येतात आणि त्यांच्या घरी मद्याची पेटी पोचते.