ताबापत्रावर सही करण्याआधी

माननीय अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई



महारेरा आल्यापासून घर घेणाऱ्याला बऱ्याच गोष्टी आधीच कळू लागल्या आहेत. मंजूर नकाशे, काम कुठवर आले, जमिनीवर बोजा आहे का, हे आता घरबसल्या पाहता येते. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झाला. पण ज्या घरासाठी वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे, ते बांधले कसे आहे, हे मात्र राहायला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात कळते. म्हणून माझी मागणी अशी: शेवटचा हप्ता भरण्याआधी आणि ताबापत्रावर सही करण्याआधी स्वतः निवडलेल्या तज्ज्ञाकडून घर तपासून घेण्याचा हक्क प्रत्येक खरेदीदाराला विक्री करारातच लिहून मिळावा.

मी स्थापत्य अभियंता आहे. निवृत्तीनंतर पुणे-पिंपरी परिसरात ओळखीपाळखीच्या लोकांबरोबर ताबा घेताना जातो. चांगले विकासक भेटतात. यादी घेतात, माणसे लावून काम पुरे करून देतात. पण बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला: आधी संपूर्ण रक्कम, मग ताबापत्रावर सही, मग चावी. त्या पत्रात ‘पाहणी केली, काम समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही’ हे आधीच छापलेले असते. एका प्रकल्पात तर खरेदीदाराखेरीज कोणाला वर सोडणार नाही, असे सांगून मला फाटकावर थांबवले. वर गेलेले ते नवरा-बायको दोघेही बँकेत नोकरीला. त्यांनी रंग पाहिला, नळ सोडून पाहिले, खिडक्या सरकवल्या आणि सही करून खाली आले. त्यांनी आणखी काय पाहायचे होते?

पाहायला पुष्कळ असते. बाथरूमची नहाणी बंद करून चोवीस तास पाणी तुंबवून ठेवायचे आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते का ते बघायचे. फरशी ठोकत गेले की चिकटवताना खाली पोकळी राहिली असेल, तिथला आवाज वेगळा येतो. अशी फरशी वर्षा-दोन वर्षांत उचलते. बाल्कनीचा उतार जाळीकडे न जाता हॉलकडे असणे ही तर नेहमीची गोष्ट, आणि ती ओंजळभर पाणी ओतले तरी दिसते. खांब आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळतात तिथे गिलाव्याखाली जाळी मारली नसेल, तर उभी चीर पडते. नव्या पुट्टीखाली ती काही महिने झाकून राहते. भिंतीतली ओल यंत्राने मोजता येते. विजेच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अर्थिंग बोर्डापर्यंत पोचलेच नाही, फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवला पण चालतच नाही, हे डोळ्यांना दिसणारे दोष नव्हेत. गीझरला हात लागतो तेव्हा तिथे जीव जाऊ शकतो. चटई क्षेत्रही मोजायला हवे. आदर्श करारात 3 टक्के फरक चालतो. 650 चौरस फुटांच्या घरात तो साडेएकोणीस चौरस फूट होतो. क्षेत्र त्याहूनही जास्त कमी भरले तर पैसे व्याजासह परत मिळतात, पण आधी कोणी तरी टेप धरायला हवी.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे, आता वेगळी तपासणी कशाला, असे विचारले जाते. ते प्रमाणपत्र इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली का, अग्निशमन, पाणी, सांडपाणी यांची सोय आहे का, हे पाहून दिले जाते. सातव्या मजल्यावरच्या बाथरूमचा उतार त्यात येत नाही. आपण प्रकल्प अभियंत्याकडून गुणवत्तेचा दाखलाही मागवता. पाऊल योग्यच आहे, पण तो अभियंता विकासकाने नेमलेला असतो.

मग स्थावर संपदा कायद्यातले कलम 14(3) उरते. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने 30 दिवसांत स्वखर्चाने तो दुरुस्त करायचा. या तरतुदीने हजारो कुटुंबांना आधार दिला आहे. पण घर हाती आले की लोक लगेच फर्निचर करतात, स्वयंपाकघराचा ओटा वाढवतात, बाथरूमच्या टाइल्स बदलतात. पुढे गळती झाली की विकासक म्हणतो, तुमच्या सुताराने, प्लंबरने वॉटरप्रूफिंग फोडले. खरे कोणाचे, हे ठरवायला ताब्याच्या दिवशी घर कसे होते याची नोंद लागते, आणि ती कोणाकडेच नसते. ताब्याआधीचा तपासणी अहवाल ही ती नोंद आहे. त्याने खरेदीदाराइतकेच प्रामाणिक विकासकाचेही रक्षण होते. दुसरीकडे कलम 19(10) प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्रानंतर 2 महिन्यांत ताबा घेणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. ज्याला मुदतीत ताबा घ्यायलाच लागतो, त्याला त्या मुदतीत घर नीट तपासू दिले पाहिजे.

विकासकांची एक शंका रास्त आहे: उद्या कोणीही तपासनीस म्हणून येईल, रंगाच्या डागावरून ताबा अडवेल. यावर नियमनच उपाय आहे. तपासनीसाची किमान पात्रता महारेराने ठरवावी आणि अहवालाचा एकच नमुना द्यावा. सुरक्षेला धोका देणारे व गळतीचे दोष वेगळे, किरकोळ उणिवा वेगळ्या. पहिल्या प्रकारचे दोष दूर होईपर्यंत शेवटचा हप्ता मागता येऊ नये आणि त्या काळासाठी खरेदीदाराकडून व्याजही घेऊ नये. किरकोळ उणिवा मुदत घालून लेखी मान्य केल्या की ताबा द्यावा. अर्थिंगसाठी आयएस 3043 आणि एकूण बांधकामासाठी राष्ट्रीय इमारत संहिता 2016 हाताशी आहेतच. आणि ‘तक्रार नाही’ या छापील वाक्याने खरेदीदाराचा कोणताही हक्क जात नाही, हे करारातच लिहावे.

दोषदायित्व, चटई क्षेत्र, हस्तांतरण या कलमांत विकासकाला फेरफार करता येणार नाही, असे आपण ठरवले आहे. तपासणीचे कलमही त्याच रांगेत बसवावे.

यात एका वर्गाची मला विशेष चिंता आहे. म्हाडाच्या सोडतीत किंवा पंतप्रधान आवास योजनेत घर लागलेल्या कुटुंबाला खासगी तपासनीस परवडणार नाही. नाशिक, सोलापूर, चंद्रपूरकडे तसे व्यावसायिकही सहज मिळत नाहीत. अशा इमारतींत प्रत्येक मजल्यावरच्या काही घरांची तपासणी प्रकल्पाच्या खर्चाने, पण महारेराच्या यादीतल्या अभियंत्याकडून व्हावी आणि अहवाल संकेतस्थळावर सर्वांना दिसावा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांचे स्थापत्य विभाग यात मोलाची मदत करू शकतील.

नव्या घरांचे ताबे आपल्याकडे दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया पाहून दिले जातात. करारात बदल करायला वेळ लागेल, हे मी जाणतो. निदान तपासनीसाला खरेदीदारासोबत घरात येऊ द्यावे, एवढे परिपत्रक येत्या दसऱ्याच्या आत काढावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे