सुताराचा हात आणि आपला हिशेब

आपल्या मंडळींत जुन्या वाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते : ‘यंत्र आले आणि सुताराची कला गेली.’ हे वाक्य उच्चारून, एक सुस्कारा टाकून, आपण सारे चहाकडे वळतो. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हे वाक्य खोटे आहे. ते खोटे असूनही आपल्याला प्रिय आहे, कारण त्यात दोष यंत्राच्या माथी जातो व आपण नामानिराळे राहतो. ज्या गिऱ्हाइकाच्या दारी सुतार पिढ्यान्‌पिढ्या राबला त्या गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्याचे काम ओळखणे सोडले आणि मग त्याचे मोल देणेही सोडले. हातकामाचा घात झाला तो इथे.

पुरावा दूर शोधावयास नको. आपल्या बडोद्यापासून जवळच असलेले, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलेले संखेडा पाहावे. तेथील खराद्यांचा सांगाडा आज विजेच्या मोटारीवर फिरतो. यंत्राने कला मरत असती तर ती तेथे केव्हाच मेली असती. पण फिरत्या सागवानावर पटाशी कोठे टेकवावी आणि कोठे उचलावी हे अजून हातच ठरवितो. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते व ती केवड्याच्या पानाने सारखी केली जाते. हा अंदाजही हाताचाच. या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि ते टिकले, ते गुजराती घरांतून लग्नकार्यात संखेड्याचा झोपाळा वा पाळणा आवर्जून घेतला जातो म्हणून. गिऱ्हाईक जागे राहिले, म्हणून कारागीर उभा राहिला.

आता आपल्याकडे पाहू. वाकस, करवत, रंधा, पटाशी, सामता, गुण्या ही नावे नातवंडांना ठाऊक नाहीत अशी खंत आपण वरचेवर करतो. परंतु ही हत्यारे काय करतात हे आपल्याला तरी कितपत ठाऊक आहे? जुना सुतार जमिनीवर बसे, तळपायाने लाकूड दाबून धरी आणि करवत स्वतःकडे ओढून कापी. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही. त्यामुळे ते पातळ ठेवता येते व कापही बारीक पडतो. त्या बैठकीला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी पात्याचा हा विचार कधी केलाच नाही. रंध्याचेही तेच. लाकडाच्या तंतूंच्या उलट रंधा चालविला तर पृष्ठभाग उपटून निघतो. म्हणून जाणता सुतार फळीवर आधी बोटे फिरवितो, मग रंधा. धारदार रंध्याने तंतू स्वच्छ कापले जातात व लाकूड आपोआप उजळते. नुसत्या पॉलिशपेपराने घासले तर तंतू चुरडतात, रंध्रांत भुसा बसतो, आणि ते झाकण्यासाठी मग वर रंगाचे लेप चढवावे लागतात.

सांध्याची गोष्ट तर याहून मोलाची. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. हे जाणूनच जुन्या दारांचे दिल्हे चौकटीच्या खाचेत मोकळे बसविलेले असतात. ते जागच्या जागी फुगतात-आक्रसतात आणि दार फाटत नाही. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून लाकडी खुंटी मारावयाची असते, तेव्हा कसलेला सुतार दोन्हींतली छिद्रे मुद्दाम केसभर सरकवून पाडतो. खुंटी आत जाताच सांधा आवळला जातो. पुढे दुरुस्ती निघाली तर खुंटी काढून, खराब तेवढा तुकडा बदलून, पुन्हा तोच सांधा जोडता येतो. खिळ्याच्या कामात ही सोय नाही. खिळा गंजतो, भोक सैल करतो आणि उपसताना लाकूड फाडतो. हातकाम हे निव्वळ शोभेचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे एकच उदाहरण विचारात घ्यावे.

आमच्या सेवाकाळात एका जुन्या लाकडी सज्ज्याच्या दुरुस्तीची फाईल आमच्यापुढून गेली होती. सरकारी पद्धतीत चौकटीचे लाकूड घनमीटरने व दारांच्या झडपा चौरस मीटरने मोजतात. नव्या इमारतीला ही मोजणी ठीकच आहे. पण सज्ज्याखालच्या नक्षीदार हस्तात लाकूड ओंजळभर आणि श्रम आठवड्यांचे! घनमीटराच्या मापाने त्याची किंमत सरपणाइतकीच भरणार. आम्ही टिपणीत आक्षेप नोंदविला. ‘मंजूर अंदाजपत्रकात कोरीव कामाची बाब नाही’ असे उत्तर आले व काम सर्वांत कमी दराच्या निविदेला गेले. ठेकेदाराने खिळे ठोकले, फटींत लांबी भरली, वर ऑइलपेंटचा हात दिला. काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला आणि दोन पावसाळ्यांत एक हस्त निखळून खाली आला. या व्यवहारात यंत्राने काय बिघडविले? बिघडले ते मोजमाप. आपण घरच्या कामातही नेमके हेच मोजमाप वापरतो. सुताराला पहिला प्रश्न विचारतो : ‘चौरस फुटाला काय घेणार?’

यावर दोन आक्षेप येतात व ते प्रामाणिक आहेत. पहिला असा की, सागवान परवडत नाही. खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशाने जंगलतोडीवर व विनापरवाना करवत-गिरण्यांवर कडक बंधने आली आणि ती यावयासच हवी होती. परंतु लाकूड महागले म्हणजे जुने लाकूड दुरुस्त करून वापरणाऱ्या हाताची किंमत वाढावयास हवी. आपण मात्र जुना शिसवी पलंग भंगारात देतो आणि भुशाच्या फळीचे कपाट आणतो, जे पहिल्या ओलीतच फुगून बसते. ही काटकसर नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, सुतारांच्या मुलांनाच हे काम नको आहे. का असावे? पूर्वी बारा बलुतेदारांत सुताराचा वाटा तरी ठरलेला होता. आज ना वाटा, ना मान. आपली घराणी या मुलखात आली ती शिलेदारी, दिवाणगिरी, कारकुनी करीत. हाताला भुसा न लागणे हीच आपण प्रतिष्ठेची खूण मानली. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्याने जपला आहे व आपण पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवितो. त्याचे खांब ज्यांनी तासले त्यांतील एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय?

सयाजीराव महाराजांची दृष्टी वेगळी होती. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन स्थापिले आणि ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपविले. गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आणि गज्जर हे आडनाव गुजरातेत सुतारकी करणाऱ्यांचे. शास्त्र आणि हात एकाच छताखाली नांदावेत हा त्या संस्थेचा मूळ हेतू. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, कलाभवन त्याची अभियांत्रिकी शाखा झाले. पदवी मोठी झाली आणि आपली नजर तेवढ्या पदवीवरच खिळली. १९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा आग्रह धरला, १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचविला. आपण पालकांनी त्या तासाचे काय केले? ‘गणिताचा अभ्यास बुडतो’ म्हणून तक्रारी केल्या. मग तो तास घोटीव कागदाच्या फुलांवर आणि पताकांवर भागविला जाऊ लागला. पटाशीला धार लावावयास जे मूल शिकले नाही त्याला धारेची किंमत मोठेपणी कळावी कशी?

सर्वांत लाजिरवाणी बाब शेवटी सांगतो. वाडा पाडावयाचा ठरला की कोरीव खांब, हस्त आणि दरवाजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकले जातात. मग ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीला टेकून शोभेचे म्हणून उभे राहतात. ज्या खांबाने तुळई पेलली त्याला आता काही पेलावयाचे नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. विकणारे परके नाहीत, वाड्याचे वारस आहेत.

तेव्हा सुस्कारे पुरेत. घरातील जुन्या लाकडाचे काम निघाले की ठेकेदाराला वगळून हातकाम जाणणारा सुतार शोधावा. चौरस फुटाचा भाव न करता रोजाने मजुरी द्यावी आणि त्याला दिवस मोजून दाखवू नयेत. त्याने काम केल्यावर चौकटीच्या मागे त्याचे नाव व साल लिहून घ्यावे. घरातील मूल त्याच्याजवळ दोन दिवस बसू द्यावे. त्या दोन दिवसांनी शाळा बुडत नाही. आपल्या मंडळाने दरवर्षी व्याख्यानमालेवर जो खर्च होतो त्यातील एका व्याख्यानाचे मानधन बाजूला काढून सभागृहाच्या मोडक्या खुर्च्या अशा सुताराकडून सांध्यानिशी दुरुस्त करून घ्याव्यात. त्या खुर्च्यांवर बसून वारशाची चर्चा करण्याचा अधिकार निदान आपण कमावलेला असेल.