पारड्यावरचा अंगठा

अलीकडे आपल्याकडे एका शब्दाला फार बरकत आली आहे. तो शब्द म्हणजे ‘समतोल’. मुलगा कॉलेजात गेला, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर खेळू लागला आणि पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले, की वडीलधारी मंडळी त्याला समोर बसवतात. “अरे, खेळू नको असं कोण म्हणतंय? पण गेम आणि अभ्यास यांचा समतोल ठेव की!” प्राचार्य हेच सांगतात, समुपदेशक हेच सांगतात आणि फराळाला आलेला काका चकलीचा तुकडा मोडता मोडता हेच सांगतो. उपदेश इतका निरुपद्रवी आहे की त्याला कोणी विरोध करीत नाही. मला तो करायचा आहे.

समतोल तराजूत साधायचा असतो, आणि तराजू खरा असेल तरच तो साधतो. एका पारड्यावर दुकानदाराचा अंगठा दाबलेला आहे, दुसरे पारडे जवळजवळ रिकामे आहे. आणि काटा मध्यावर का येत नाही म्हणून आपण तराजू धरणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालतो आहोत. याला न्याय म्हणत नाहीत.

आधी खेळाचे पारडे पाहू. खेळ मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने तर ते मुळीच म्हणू नये. कारण एके काळी कादंबऱ्यांनी मुले बिघडतात अशी हाकाटी होती, मग ती सिनेमावर गेली, मग टीव्हीवर. पण कादंबरीला शेवटचे पान असते. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, बुरुजावर मावळे मांडतात, उतारावर अळीव पेरतात. सुट्टी सरते, किल्ला ढासळतो, खेळ संपतो. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ’लाही शेवट होता. बत्तीस टप्पे ओलांडायचे, राजकन्या सोडवायची, की झाले. नव्वदीच्या दशकात टीव्हीला डबा जोडून आणि त्यात कॅसेट खुपसून तो खेळलेली मुले आज बाप झाली आहेत आणि ‘आम्हीही खेळलो, पण बिघडलो नाही’ असे छातीठोकपणे सांगत आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण तो खेळ एकदा विकला गेला की विकणाऱ्याचे काम संपत असे. गिऱ्हाईक दहा मिनिटे खेळो की दहा तास, त्याला सोयरसुतक नव्हते.

मोबाइलवरचा आजचा लोकप्रिय खेळ फुकट मिळतो, आणि तिथेच मेख आहे. जो फुकट देतो त्याला वसुली नंतर करायची असते. त्यासाठी गिऱ्हाइकाने रोज दुकानात यायला हवे. म्हणून रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. म्हणून दर थोड्या महिन्यांनी नवा ‘सीझन’ येतो आणि घाम गाळून मिळवलेले पद खाली घसरते. पुन्हा चढायला लागा! म्हणून चार मित्रांची तुकडी करायची. मध्येच उठलास तर तू हरत नाहीस, मित्रांना तोंडघशी पाडतोस. आई हाक मारते, “अरे, पानं घेतली, ये!” तो म्हणतो, “आई, थांब ना, मॅच मध्येच सोडता येत नाही.” आईला ती सबब वाटते. पण ते अक्षरशः खरे असते. शंभर जण एका वेळी खेळतात तो अर्ध्या तासाचा डाव कोणा एकासाठी थांबत नाही, आणि तो संपताच दुसऱ्याचे बटण समोर तयारच असते. हा सारा बंदोबस्त पगारी, हुशार माणसे बसून करतात. त्यांच्यासमोर अठरा वर्षांचा पोर एकटा उभा करायचा आणि म्हणायचे, समतोल ठेव!

आता दुसरे पारडे. कॉलेज त्यात काय टाकते? खेळात चूक झाली तर ती त्याच क्षणी कळते आणि पुढच्या क्षणी पुन्हा करून बघता येते. आमच्या परीक्षेत चूक कळते दोन-तीन महिन्यांनी, तीही एका आकड्याच्या रूपाने. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, आणि त्या उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल पावसाळा सरत आला तरी पुरते लागले नव्हते. त्या मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे की पडद्यापुढे वेळ वाया घालवू नका? जिमखान्याची फी पावतीवर असते आणि जिमखान्याला कुलूप असते. गावाहून पुण्याला आलेला, एका खोलीत चौघांत राहणारा मुलगा वर्गात नव्वदांतला एक असतो. प्राध्यापकांना त्याचे नाव ठाऊक नसते. खेळात मात्र तिघे रात्री नऊला त्याची वाट पाहत असतात. तो तिकडे गेला यात नवल ते काय?

“मग बंदीच घाला!” असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्जी मोबाइल’वर बंदी आली, कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, अभ्यासाचे नव्हते. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नवे नाव लावून परत आला. त्या दहा महिन्यांत मुले ग्रंथालयात लोटली, असे कोणाच्या ऐकिवात नाही. चीनने २०२१ साली अठराच्या आतल्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा दिली. दक्षिण कोरियाने सोळाच्या आतल्यांना मध्यरात्रीनंतर मनाई करणारा कायदा २०११ साली आणला आणि दहा वर्षांनी गुंडाळला. दोन्हींत कॉलेजचा विद्यार्थी बसतच नाही. तो सज्ञान आहे. त्याच्यावर पहारा बसवता येत नाही, त्याच्याशी बोलावेच लागते.

दुसरा पंथ म्हणतो, “यातही करिअर आहे!” आहे. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत या खेळांना पदके होती. पण गल्लीत क्रिकेट खेळणारा प्रत्येक मुलगा तेंडुलकर होत नाही, हे ज्या बापाला कळते, त्याने इथे भोळेपणाचे सोंग आणू नये.

तिसरा पंथ मुलाला ‘व्यसनी’ म्हणून मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने हा विकार आपल्या यादीत घेतला, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशा तिच्या अटी आहेत. तसे दिसले तर वैद्याकडे जावे. जागरण करणाऱ्या प्रत्येक पोराला रोगी ठरवणे हा स्वतःची जबाबदारी झटकण्याचा सभ्य मार्ग आहे.

मग करायचे काय? मुलांनो, ज्या खेळाला शेवट नाही त्याला तो आपल्या हाताने द्यावा लागतो. डाव सुरू करण्याआधी शेवटचा डाव कोणता ते ठरवा आणि ते तुकडीतल्या मित्रांनाही सांगून टाका. ते ओढणार नाहीत, कारण त्यांच्याही परीक्षा आहेत. परीक्षेच्या महिन्यात सीझन बुडू द्या. बुडालेला सीझन पुन्हा येतो. बुडालेले वर्ष आईबापांच्या पैशाने विकत घ्यावे लागते. पालकांनो, फोन लपवू नका. खेळाचे नाव विचारा, तो कसा चालतो ते समजून घ्या, आणि स्वतःच्या उशाखालचा फोनही बाहेर काढा. आणि शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनो, मुलाची चूक त्याला आठवड्याच्या आत दाखवा, ती सुधारायची दुसरी संधी द्या आणि त्याला नावाने हाक मारा. खेळवाल्यांनी हे केव्हाच ओळखले. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतही ते लिहिलेले आहे, वर्गात तेवढे आलेले नाही.

एवढे झाल्यावर खुशाल समतोलाची भाषा बोला. तोवर पोराचा कान सोडा आणि पारड्यावरचा अंगठा कोणाचा, ते आधी बघा.