पाठीवरची डिकी

बाइक घ्यायची ठरली की आपल्या इंजिनिअर मंडळींच्या अंगात संचारतं. सहा महिने आधीपासून एक्सेल शीट तयार! मायलेज, टॉर्क, एबीएस, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, रिसेल किती... सगळे कॉलम भरलेले. मित्रांच्या गाड्या मागून घेऊन चालवून बघायच्या, रंगावरून घरच्यांशी वाद घालायचा आणि शेवटी दसऱ्याला नाहीतर पाडव्याला हार घालून गाडी दारात. छान. आता त्याच गाडीवरून रोज ऑफिसला जाताना पाठीवर जी सॅक असते, ती कशी निवडली? तर जॉइनिंगच्या दिवशी एचआरने हातात दिली म्हणून!

"बॅग ती बॅग, तिच्यावर काय लिहायचं?" असं वाटत असेल तर जरा थांबा. माझं म्हणणं साधं आहे. आपण सॅकमध्ये कोंबून जे काही पाठीवर वाहतो, त्यातलं निम्म्याहून जास्त सामान गाडीने वाहायला हवं. शे-दीडशे किलोचं लोखंड आणि एक इंजिन आपण ओझं वाहण्यासाठीच विकत घेतलेलं असतं. तरी ते ओझं आपल्याच खांद्यावर का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

विमानप्रवासाच्या बॅगा तोलायला हातात धरायचा छोटा काटा मिळतो. त्यावर मी माझी सॅक एकेक वस्तू काढून तोलली. लॅपटॉप १.९ किलो, चार्जर ०.४, एक लिटरची भरलेली स्टीलची बाटली १.३, डबा १.२, रेनकोट आणि त्याची पँट मिळून १, आणि किल्ल्या, पॉवर बँक वगैरे किरकोळ ०.५. एकूण ६.३ किलो. आता यातली गंमत बघा. लॅपटॉप आणि चार्जर मिळून फक्त २.३ किलो. म्हणजे आपण "लॅपटॉपमुळे पाठ दुखते" म्हणून रडतो, पण उरलेले चार किलो म्हणजे पाणी, पोळी-भाजी, रेनकोट आणि किडूकमिडूक! कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन रोज दीड-दोन तास आपण पोळी-भाजी पाठीवर घेऊन खड्ड्यांतून आदळत असतो.

आता तुम्ही म्हणाल, सहा किलो म्हणजे काय फार झालं का? ट्रेकला जाताना बारा-पंधरा किलो घेतो की. बरोबर, पण ट्रेकच्या सॅकला कमरेचा पट्टा असतो आणि बरंचसं वजन कमरेवर येतं. ऑफिसच्या सॅकला तो नसतो. ती बस स्टॉपपासून डेस्कपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असते. बाइकवर आपण बसलेले असतो, हात पुढे ताणलेले असतात, डोक्यावर दीडेक किलोचं हेल्मेट असतं. प्रत्येक खड्ड्याला सॅक आधी वर उचलली जाते आणि मग पट्ट्यांतून खांद्यावर आदळते.

आणि पडलो तर? रायडिंग जॅकेटमध्ये पाठीच्या कण्यावर मुद्दाम संरक्षक पॅड घालतात. आपण बरोबर त्याच जागी स्टीलची बाटली आणि चार्जरची वीट घेऊन फिरतो. रस्ता आणि कणा यांच्या मध्ये काय असावं याचा निर्णय आपण रोज सकाळी डबा भरताना घेत असतो, फक्त तसं लक्षात येत नाही. विशी-तिशीत पाठ कुरकुर करत नाही म्हणून हे चालून जातं, एवढंच.

स्कूटरच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. बजाज चेतक १९७२ साली आली आणि पुढची दोन-तीन दशकं घरोघरी राहिली. तिला पुढे डिकी होती, पाय ठेवायला सपाट जागा होती. भाजीच्या पिशवीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत काय काय त्या जागेत मावायचं! मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपण मोटरसायकलकडे वळलो. मायलेज वाढलं, चाकं मोठी झाली, रुबाब आला. पण डिकी गेली. मोटरसायकलच्या साइड पॅनेलमागे टूलकिट आणि गाडीची कागदपत्रं मावली तरी नशीब. गाडीची डिकी गेली आणि तिची जागा आपल्या पाठीने घेतली. आजही ॲक्टिव्हावाला सीट उचलून निवांत सामान टाकतो आणि त्याच्या तिप्पट किमतीच्या गाडीवरचा माणूस हमालासारखा जातो.

गाडीवर सामान कसं लावावं हे शिकायला मला विचाराल तर आपला दूधवाला बेस्ट. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, त्यात अडकवलेले कॅन, दोन्हीकडे सारखं वजन आणि तेही शक्य तितकं खाली. हल्ली दहा-पंधरा हजारांच्या टूरिंग बॅगा ज्या तत्त्वावर विकल्या जातात, ते तत्त्व हेच.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा. समजा गाडीचा व्हीलबेस १.३ मीटर आहे आणि तुम्ही मागच्या चाकाच्या ॲक्सलच्याही ३० सेंटिमीटर मागे १० किलो लटकवलेत. मोमेंट घेतले की पुढच्या चाकावरचं वजन साधारण २.३ किलोने कमी होतं आणि मागच्यावर १२.३ किलोने वाढतं. म्हणजे टॉप बॉक्स जितका मागे आणि वर, तितकं हँडल हलकं. पाच-सहा किलोला रोजच्या वेगात काही बिघडत नाही, पण म्हणून त्यात पाच किलोच्या दोन तांदळाच्या पिशव्या टाकून हायवेला लागू नये. बॉक्सवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात कमाल वजन दिलेलं असतं, ते आपल्या अंदाजापेक्षा बरंच कमी निघतं. बघून घ्या.

मग काय घ्यावं? टँक बॅग पुढे डोळ्यासमोर राहते, वजन दोन्ही चाकांच्या मध्ये येतं, म्हणून तत्त्वतः उत्तम. पण ती चुंबकाची असेल तर पत्र्याची टाकी हवी. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, तिथे चुंबक काय करणार? शिवाय पेट्रोल भरताना दर वेळी उचला, आणि मोठी घेतलीत तर यू-टर्न घेताना हँडल तिच्यावर अडकतं. छोटी घ्यावी. पाकीट, किल्ल्या, चष्मा यापुरती झकास.

सॅडल बॅग, म्हणजे दूधवाल्याची मॉडर्न आवृत्ती. वजनाच्या दृष्टीने हीच सगळ्यात शहाणी. पण आपल्याकडे एका बाजूला साडी गार्ड, दुसऱ्या बाजूला तापलेला सायलेन्सर. कापडी बॅग नुसती टाकली तर एक दिवस जळका वास येणार किंवा ती मागच्या चाकात जाणार. त्यामुळे आधी बॅग चाकापासून लांब धरणारी लोखंडी फ्रेम लागते. आणि गाडी दोन्हीकडून फुगते, हे वाकडच्या ट्रॅफिकमध्ये दोन रिक्षांच्या मधून निघताना कळतं. लांबच्या प्रवासाला छान, रोजच्या ऑफिसला म्हणजे खोगीरभरती.

टेल बॅग मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधायची. स्वस्त, सोयीची, ऑफिसला पोचल्यावर उचलून वर नेता येते. पण मागे कोणी बसणार असेल तर तिचं काय करायचं?

आणि टॉप बॉक्स. रोजच्या ऑफिससाठी माझं मत यालाच. कुलूप लागतं, पाऊस लागत नाही, मागची सीट मोकळी राहते, आणि गाडी लावल्यावर त्यात हेल्मेट मावतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, म्हणजे सांभाळायची हेल्मेटं आता दोन. एका फुल-फेस हेल्मेटला ३० लिटरच्या आसपासचा बॉक्स पुरतो, दोन हवी असतील तर ४५ लिटरच्या पुढे जावं लागतं. शंभर सीसीच्या गाडीला तो बॉक्स म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि एक, नुसते लिटर बघू नका. १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर रुंद असतो. गोलसर बॉक्सचा तळ तेवढा नसतो. दुकानात टेप घेऊन जा, लोक हसले तर हसू देत.

पण "बॉक्स लाव" म्हटलं की आमच्या ऑफिसमध्ये एकच उत्तर येतं. "डिलिव्हरी बॉय वाटेन रे!" मला हे उत्तर फार खटकतं. एक तर जगातल्या नावाजलेल्या टॉप बॉक्स कंपन्यांपैकी एक, इटलीची जीवी, १९७८ साली स्थापन केली जुझेप्पे विसेंझी नावाच्या माणसाने, आणि तो साठच्या दशकात ग्रां प्री शर्यती गाजवणारा रेसर होता. तेव्हा रुबाबाचं कारण देऊ नका. पण रुबाब सोडा. डिलिव्हरीवाल्यासारखं दिसलं तर बिघडलं काय?

एकदा सोसायटीच्या गेटवर जेवण घेऊन आलेल्या एका दादांना मी विचारलं, "ही एवढी मोठी बॅग पाठीवर घेऊन दिवसभर फिरता, गाडीला बॉक्स का नाही लावत?" ते म्हणाले, "संध्याकाळी बायको-पोरगं बसतं ना साहेब. गाडी एकच आहे." संपलं. आपल्या एक्सेल शीटमध्ये हा कॉलमच नव्हता. २०२० साली केंद्र सरकारने दुचाकीवरच्या हलक्या बॉक्ससाठी नियम केला. लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. बॉक्स मागच्या सीटच्या जागी असेल तर गाडीवर फक्त चालवणारा, आणि सीटच्या मागे असेल तर दोघं चालतात. नियम ठीक आहे, पण एकाच गाडीवर दिवसा धंदा आणि रात्री संसार असेल तर बॉक्स चुटकीसरशी निघायला हवा, आणि तसा प्लेटवरून निघणारा चांगला बॉक्स काही हजारांना पडतो. त्यांच्यासाठी तो खर्च मोठा आहे. आपल्याला तो परवडतो, तरी आपण "दिसेल कसं" म्हणून पाठीवर ओझं घेतो. नाइलाज आणि नखरा यांत फरक आहे, राव.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईत वर्षातले चार महिने त्याचेच. सॅकला जे केशरी-पिवळं रेन कव्हर मिळतं ते तीन बाजू झाकतं. पाठीला टेकणारी बाजू उघडीच. रेनकोटवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथून आत शिरतं. चेनमधूनही शिरतं. त्यामुळे बाहेरून झाकण्यापेक्षा आतून पिशवी घालावी. तोंड तीन वेळा गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग काही शे रुपयांना मिळते. ती सॅकच्या आत, आणि लॅपटॉप तिच्या आत. मग धो धो कोसळला तरी चिंता नाही.

बांधायचं कसं, तर इलॅस्टिकच्या हुकवाल्या दोऱ्यांपासून जपून. हुक निसटला तर तो डोळ्याकडेच येतो. जाळी किंवा बकलचे पट्टे चांगले. जुने लोक टायरच्या ट्यूबची पट्टी कापून बांधायचे, तीही अजून कोणाला हरलेली नाही. पट्ट्याचं लोंबणारं टोक मात्र खोचून टाकायचं, म्हणजे टाकायचंच. ते चेन किंवा चाकात गेलं की पुढचं सांगायला नको.

आता लॅपटॉप. इथे मी पाठीच्या बाजूने बोलणार आहे. मागच्या चाकाच्या मागे लटकलेला बॉक्स गाडीतला सगळ्यात जास्त आदळणारा भाग असतो. आपलं शरीर मात्र चांगलं शॉक ॲब्सॉर्बर आहे. त्यामुळे स्पंजच्या कव्हरशिवाय लॅपटॉप बॉक्समध्ये टाकू नका, किंवा सरळ पाठीवर घ्या. फक्त तोच घ्या! दोन किलोची चपटी सॅक पाठीला कळतही नाही. चार्जर दुसरा घेऊन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. जिथे सीट सपाट आहे तिथे सॅकचे पट्टे थोडे सैल केले की तिचा तळ मागच्या सीटवर टेकतो आणि उरलंसुरलं वजनही गाडी घेते. स्पोर्टी गाड्यांची उंच मागची सीट मात्र उलट सॅकला वर ढकलते, तिथे हा उपाय चालत नाही.

थोडक्यात, जड, ओलं आणि टणक ते गाडीवर. नाजूक, महाग आणि चपटं ते पाठीवर. आणि जे रोज नेतो पण आठवड्यात एकदाही बाहेर काढत नाही ते घरी. बॅग निवडण्याआधी ही वाटणी करायची, कारण वाटणी झाली की बॅग आपोआप ठरते. वाटणीनंतर कित्येकांना नवीन काही घ्यावंच लागणार नाही, एक जाळी आणि एक ड्राय बॅग पुरेल.

असो, रविवार दुपारच्या मानाने बरंच लांबलं. आज संध्याकाळी सॅक पलंगावर उलटी करा आणि तोला. बाथरूममधल्या वजनकाट्यावर सॅकसकट आणि सॅकशिवाय उभं राहिलात तरी चालेल. जो आकडा येईल त्यातले दोन किलो स्वतःकडे ठेवा आणि बाकीचे ज्या गाडीचा हप्ता भरताय तिला द्या.