खरी झाडं जगत नाहीत म्हणे!

"फिशटँकमध्ये खरी झाडं जगत नाहीत हो" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी सुरुवात केली तरी डोकं फिरतं. मासे विकणारे म्हणतात, आमची आत्या म्हणते, आणि हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण आत्ता मनात म्हणत असतील. आणि मग काय, तर गुलाबी प्लास्टिकचं झाड, निळी खडी आणि झाकण उघडमीट करणारी खजिन्याची पेटी. छान!

का जगत नाहीत माहितीये? कारण 'खरं झाड' म्हणून दुकानात हातात ठेवतात ते बऱ्याचदा पाण्यातलं नसतंच. ड्रसीना, म्हणजे टेबलावर ठेवतात त्या लकी बांबूच्या भावकीतली, कुंडीत लावायची रोपं. पाण्याखाली काही आठवडे हिरवी राहतात, मग कुजतात. बदनाम होतात मात्र सगळ्याच पाणवनस्पती.

अहो, शाळेत आपण हायड्रिला पाहिलीय ना? चंचुपात्र, त्यात उलटं नरसाळं, वर परीक्षानळी, आणि नळीत जमणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. आकृती काढली, मार्क मिळवले, विसरलो. ती हायड्रिला, लांब पट्ट्यांसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया, या आपल्याच तळ्यांत वाढणाऱ्या वनस्पती. साधी एलईडी ट्यूब दिवसाला सहा ते आठ तास पुरते. (चोवीस तास लावू नका, शेवाळ माजेल.)

दुसऱ्या टोकाला जाणकार मंडळी. त्यांच्या मते कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय झाडांचं नावच काढू नये. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने टँकमध्ये अक्षरशः जंगलं उभी केली. लिस्बनच्या मत्स्यालयातलं त्याचं ४० मीटर लांबीचं पाण्याखालचं जंगल २०१५ साली खुलं झालं, आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्यापुढे हात जोडतो. पण दिवाणखान्यातल्या दोन फुटी टँकला लिस्बनचे नियम कशाला? डायना वॉलस्टाड या बाईंनी १९९९ सालच्या पुस्तकातच सांगून ठेवलंय: खाली साधी माती, वर बारीक खडी, पुरेसा उजेड, भरपूर झाडं आणि मोजके मासे. सिलिंडर नको.

आणि हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, आणि तो माशाला विष. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण नव्या टँकमध्ये ते जिवाणू तयार व्हायलाच काही आठवडे लागतात. तेवढ्यात मासे उलटे तरंगायला लागतात. दुकानदार म्हणतो "पाणी मानवलं नाही", आणि नवे मासे पिशवीत बांधून देतो. जोमाने वाढणारं झाड तो अमोनिया स्वतःच शोषून घेतं. प्लास्टिकच्या झाडावर फक्त शेवाळ चढतं. लहान पोरांच्या घरात दर महिन्याला मासे मरतात आणि आपण ते 'चालायचंच' म्हणून फ्लश करतो, याचा मला खरा राग आहे.

गोल्डफिश झाडं फस्त करतात, हे मान्य. त्यांच्यासाठी जावा फर्न बघा, पानं चिवट असतात. त्याचं आडवं खोड खडीत पुरू नका, कुजेल. दगडाला दोऱ्याने बांधा.

अजून एक. झाडं जगली की बेसुमार वाढतात, छाटावी लागतात. ती छाटण कुंडीत टाका, नदीत नाही! हीच हायड्रिला १९५०च्या दशकात टँकसाठी म्हणून फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तळ्या-कालव्यांत असा धुमाकूळ घातला की आजही ती काढण्यावर पैसा ओततायत. आपल्याकडची जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून जगभर फिरली. पुणेकरांना तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे व्हॅलिसनेरियाची रोपं सध्या भरपूर झालीयेत. पुण्यात येणार असाल तर डबा घेऊन या, ओल्या कागदात गुंडाळून देतो. प्लास्टिकचं झाड आधी काढून ठेवा.