ओवाळणी नको, हिशोब द्या

दिवाळी जवळ आली की आपल्या वसईतून जव्हार-मोखाड्याकडे गाड्या निघतात. उमेळ्यापासून आगाशीपर्यंत महिला मंडळं, भिशी मंडळं, सोसायट्यांच्या कमिट्या, देवळांचे ट्रस्ट, चर्चच्या संघटना, सगळ्यांचीच लगबग असते. जुन्या साड्या, फराळाची पाकिटं, ब्लँकेटं, मुलांसाठी वह्या. पाड्यावर बायकांना रांगेत उभं करायचं, साडी हातात ठेवताना फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. जाणाऱ्या बायकांच्या मनात खोट नसते. घरचं आवरून, आठवड्यातला एकुलता एक रविवार मोडून त्या जातात. पण ज्या महामार्गाने गाडी जाते त्याच्याच कडेने उलट दिशेला, म्हणजे आपल्याकडे, एक मोठी जलवाहिनी येते. तिच्याविषयी गाडीत कुणी बोलत नाही.

ती सूर्या नदीची. विक्रमगड तालुक्यात धामणीला धरण आहे, खाली कवडासला बंधारा. कागदोपत्री हा पाटबंधारे प्रकल्प. डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतली सुमारे १४,७०० हेक्टर जमीन त्यातून भिजायची होती. पावसाच्या एका पिकावर जगणाऱ्या आदिवासी घराला दुसरं पीक मिळेल, चार महिने तरी गाव सोडावं लागणार नाही, असं सांगून हे धरण उभं राहिलं. त्यासाठी आदिवासींनी जमिनी 'दिल्या'. (हा सरकारी शब्द आहे. कुणी विचारलं होतं त्यांना?) मग इकडे शहरं फुगली. आधीच्या योजनांमधून वसई-विरारला रोज २० कोटी लिटर पाणी येऊ लागलं. त्यावर एमएमआरडीएने रोज ४० कोटी ३० लाख लिटरची आणखी एक योजना आखली: १८ कोटी ५० लाख लिटर वसई-विरारला, २१ कोटी ८० लाख लिटर मीरा-भाईंदरला. डहाणू-पालघरचे शेतकरी आणि कष्टकरी संघटनेसारख्या संघटना वर्षानुवर्षं विरोध करत राहिल्या. आपल्या शहरांतून त्यांना किती पाठिंबा मिळाला, ते आपणच आठवून पाहावं.

मोखाड्याचं तर बघायलाच नको. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे आणि त्यातून मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी पुरवण्याची योजना आहे. आणि मार्च उजाडला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरू लागतात. टँकर आला की तो विहिरीत रिकामा करतात आणि बायका-मुली दोर टाकून, एकमेकींच्या अंगावर पडत हंडे भरतात. वर्तमानपत्रात दरवर्षी हा फोटो छापून येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'पाणीटंचाई'. टंचाई म्हणजे नसणं. इथे पाणी आहे. ते पाइपातून दुसरीकडे जातं.

आता त्या हंडा भरणाऱ्या बाईच्या मागोमाग जाऊ. दिवाळी संपते, भात झोडून होतं, घरात दोन-तीन महिन्यांचं धान्य असतं, आणि दुसरं पीक घ्यायला पाणी नसतं. वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पाड्यावर येतो आणि बयाणा देतो. त्या पैशावर सण होतो, दुखणं निभतं, एखादं लग्न लागतं. मग सगळं बिऱ्हाड वसई, भिवंडी, पनवेलकडे भट्टीवर. तिथे हिशोब माणसाचा नसतो, 'जोडी'चा असतो. नवरा-बायको मिळून एक जोडी. हजार विटांमागे दर ठरतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. बाई पहाटेपासून चिखल करते, विटा पाडते, वाहते, मधे उठून स्वयंपाक करते, पोर पाजते. आणि मालकाच्या वहीत तिचं नाव नसतं. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो तेव्हा बयाणा फिटलेला नसला तर उरलेलं पुढल्या वर्षाच्या खात्यावर.

गोदावरी परुळेकरांनी १९४५ साली वारल्यांच्या लढ्यात याच मुलुखात पाऊल टाकलं तेव्हा इथे 'लग्नगडी' होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवऱ्याने राबायचं. बायकोही त्याच वेठीत जायची. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. तरी १९८२ पासून पुढे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला याच वसई तालुक्यात वेठबिगार सोडवत फिरावं लागलं. बयाण्याचं नातं त्या लग्नगड्याशी फार दूरचं नाही.

आणि भट्टीतल्या विटा कुठे जातात? नालासोपारा, विरार, नायगावच्या इमारतींना. इमारती उभ्या राहिल्या की त्यांना पाणी लागतं. पाणी सूर्येवरून येतं. सूर्येचं पाणी गेलं की विक्रमगडच्या शेतात दुसरं पीक येत नाही. पीक आलं नाही की बयाणा घ्यावा लागतो. मैत्रिणींनो, हे सगळं आपल्या पालघर जिल्ह्यातच घडतं आणि आपण त्याला 'आदिवासी भागातली गरिबी' म्हणतो. जणू ती तिथल्या मातीतच उगवते.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक मुलं कुपोषणाने गेली. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना जाहीर झाल्या. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच गावामुळे पुन्हा तेच मथळे. दोन्ही वेळा आपल्याकडून मदत गेली, ती पोटतिडकीने गेली. पण मूल उपाशी मेलं त्याला आपण दुर्दैव म्हटलं, आणि एकदा दुर्दैव म्हटलं की पुढे दयाच सुचते. गुन्हा म्हटलं असतं तर विचारावं लागलं असतं की कुणाचा.

गरिबी हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, हे वाक्य परिषदांमधून ऐकून गुळगुळीत झालं आहे. त्याचा खरा अर्थ एवढाच, की हक्क म्हटला की त्याच्या समोर देणं लागणारा कुणीतरी उभा असतो. १९४८ च्या जाहीरनाम्याचं २५वं कलम अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा हक्क सांगतं. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'पुरुष' असाही अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता हटून बसल्या आणि तिथे 'सर्व माणसं' आलं. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्यातलंच २८वं कलम कुणी फारसं उच्चारत नाही. हे हक्क ज्यात प्रत्यक्षात मिळू शकतील अशी सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्था असण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं ते म्हणतं. म्हणजे व्यवस्थाच जर उपासमार घडवत असेल तर ती व्यवस्था चालवणारे आणि तिच्यावर पोसले जाणारे सगळे जबाबदार. २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. न्यूयॉर्कमध्ये हात वर करणं सोपं.

सूर्येची जलवाहिनी नकाशावर मोठी करून पाहिली की जग दिसतं. ढाक्याजवळ राणा प्लाझा २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बायकाच जास्त. त्या युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी कपडे शिवत होत्या. पुढे भरपाईसाठी निधी निघाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं गेलं 'राणा प्लाझा डोनर्स ट्रस्ट फंड'. डोनर्स, म्हणजे देणगीदार! ज्या कंपन्यांनी स्वस्त शिलाईवर नफा कमावला त्या देणगीदार झाल्या, कारण भरपाई म्हटलं तर दोष कबूल करावा लागतो. आपल्या दिवाळीच्या गाडीचंच हे मोठं रूप. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं १९७० साली ठरलं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच देश तिथवर पोचले. उलट दिशेला मात्र कर्जाचं व्याज वेळेवर जातं. आज तीन अब्जांहून अधिक माणसं अशा देशांत राहतात जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतं त्याहून जास्त खर्च व्याजावर करतं. जागतिक बँकेने २०२५ मध्ये दारिद्र्याची रेषा रोजी तीन डॉलरवर नेली, आणि तिच्याखाली सुमारे ८० कोटी माणसं निघाली. रेषा कुठे ओढायची यावर अहवालांचे ढीग आहेत. पाइप कुणीकडून कुणीकडे जातो यावर एवढे नाहीत.

आता कुणी म्हणेल, हे बोलायला ठीक आहे, पण आम्हालाच कुठे पाणी मिळतं? बरोबर आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीतली बाई रात्री दोनला उठून नळापाशी बसते, किंवा कॅन विकत घेते. खाडीकाठच्या गावात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, हे उमेळ्याच्या जुन्या बायकांना कुणी शिकवायला नको. वसईच्या गावांतल्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसून खाऱ्या केल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, त्यात बायका हजारोंनी उतरल्या. बिल्डरांनी बावखलं बुजवली, मग पाऊस जमिनीत मुरायचा थांबला आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या नदीकडे बोट दाखवावं लागलं. बावखलं बुजवणारे आणि सूर्येचं पाणी वळवायला लावणारे एकच आहेत. चाळीतली बाई आणि पाड्यावरची बाई यांचं भांडण लावून देणं त्यांच्या सोयीचं आहे. आपण त्या भांडणात पडू नये, आणि दुसरीकडे 'आम्हीपण गरीबच' म्हणून हात झटकूही नये. ज्या घरात नळ आहे, वॉशिंग मशिन आहे, ज्या सोसायटीत गाड्या पाइप लावून धुतल्या जातात, तिथे सूर्या येते आहे. त्या घरांत आपल्यापैकी पुष्कळजणी राहतात.

मग करायचं काय? महाराष्ट्राने याचं उत्तर एकदा दिलेलं आहे, आपण ते विसरलो. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उतरली, त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. इकडे मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्या दशकात रोजगार हमीचा कायदा झाला: १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल. मागेल त्याला काम, आणि ते हक्क म्हणून. त्याचा पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या आणि धंदेवाल्याच्या उत्पन्नातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, आणि तेवढीच भर सरकारने घालायची ठरली. आजही महिना पंचवीस हजारांहून जास्त पगार असलेल्या बाईच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० रुपये दिसतील. खडी फोडणाऱ्या बाईला त्या पैशातून मजुरी मिळाली आणि कुणाचे आभार मानावे लागले नाहीत. शहरातल्या कारकुनाने तिच्यासोबत फोटो काढला नाही, कारण त्याला ती माहीतही नव्हती. योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी रखडली, पाळणाघर कागदावरच राहिलं, हे सगळं खरं. तरी काम नाकारलं तर तहसीलवर मोर्चा नेता येत होता.

त्याच महाराष्ट्रात २०२४ मध्ये बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये आले ते 'लाडकी बहीण' म्हणून, ओवाळणीच्या भाषेत. ते पैसे थोडे नाहीत. त्यातून गॅस येतो, औषध येतं, नवऱ्यापुढे हात पसरायचा एक प्रसंग टळतो, आणि ज्यांना कधी ते मोजावे लागले नाहीत त्यांनी त्यांना नाक मुरडू नये. पण भावाने ओवाळणी आखडली तर बहिणीने कुठल्या कोर्टात जायचं? किमान वेतन, रेशन, रोजगार, पाणी, या गोष्टी नागरिक म्हणून मागायच्या आहेत. सरकारशी आपलं नातं बहिणीचं नाही.

म्हणून यंदा साड्यांची गाडी निघण्याआधी आपल्या मंडळांच्या बैठकीत काही गोष्टी मांडाव्यात, अशी विनंती आहे. सूर्येच्या लाभक्षेत्रातल्या किती जमिनीला प्रत्यक्ष पाणी मिळतं, याचा आकडा माहिती अधिकारात मागवावा आणि तो आपल्या प्रभागात फळ्यावर लिहावा. वसई-विरारच्या पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा धरणाखालच्या आणि धरणाशेजारच्या गावांना हक्क म्हणून मिळावा, तो त्यांच्या ग्रामसभांनी खर्च करावा, असा ठराव करून महापालिकेला पाठवावा. व्यवसाय कराचा दाखला त्याला आधार म्हणून पुरेसा आहे. बावखलं आणि विहिरी वाचवण्याचं काम फक्त गावकऱ्यांवर सोपवू नये. भट्ट्यांवर 'जोडी' मोडून बाईचं नाव आणि बाईची मजुरी वेगळी लिहायला लावावी. ज्या बिल्डरांच्या विटा तिथून येतात त्यांची कार्यालयं आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आणि आपला पुढचा हंडा मोर्चा निघेल तेव्हा विक्रमगड-मोखाड्याच्या बायकांना सोबत बोलवावं. भाषण त्यांनी करावं. त्यांच्या मागण्या आपल्या मागण्यांच्या वर लिहाव्यात, जरी त्यातली पहिली मागणी 'आमचं पाणी आम्हाला परत द्या' अशी असली तरी.